काकांनी रिकामा ठेवलेला रकाना

ओरेगॉनच्या माळावर, ज्वालामुखीच्या पायथ्याशी, आम्ही तापलेल्या खडकात खोलवर भोक पाडत होतो. त्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे तपासायचं होतं. मी कंपनीच्या बेलव्ह्यू शहरातल्या ऑफिसातून आकडे सांभाळायला गेलेली. साइटचे प्रमुख आमच्या महाराष्ट्र मंडळातलेच एक काका. निवृत्तीआधीची त्यांची ही शेवटची विहीर.

तळ गाठला त्या दुपारी तापमापक खाली सोडला. आकडा अपेक्षेपेक्षा फारच कमी! काकांनी तो स्क्रीनवर पाहिला आणि रिपोर्टमध्ये तापमानाचा रकाना चक्क रिकामा ठेवला. "दोन दिवस कुणी काही करायचं नाही," एवढंच ते क्रूला म्हणाले.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तिथेच ठरवून टाकलं. विहीर फसली आणि म्हातारा झाकतोय! मग त्यांचं शीळ घालणंही मला खटकू लागलं. काकूंच्या हातचा चिवडा त्यांनी पुढे केला, तो मला लाच वाटला. खाल्ला मात्र सगळा.

सरळ विचारावं, तर मोठ्यांना तोंडावर जाब विचारायचा नाही, हे अंगात भिनलेलं. पाठीमागे ऑफिसातल्या मॅनेजरला मेल करायला मात्र काही अडलं नाही. स्क्रीनचा फोटोही जोडला.

आकडा लपवला म्हणून दुसऱ्याच दिवशी काकांना साइटवरून काढलं. बॅग गाडीत ठेवताना ते म्हणाले, "मेल वाचला तुझा. अगदी क्लिअर लिहिलायस." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी तापमापक पुन्हा सोडला. आकडा आमच्या अंदाजाच्याही वर गेला होता. मॅनेजरने सगळ्यांचं अभिनंदन केलं. काकांना कुणी परत बोलावलं नाही.

मला राहवेना. फोन केला.

"किती आलं?" त्यांनी आधी तेच विचारलं. आकडा ऐकून मनापासून खूश झाले. मग म्हणाले, "ड्रिल करताना आपण थंड पाणी सोडतो ना, त्यानं भोक गार पडतं. खडक पुन्हा तापायला वेळ लागतो. पहिला आकडा लिहिला असता, तर ते खोटं झालं असतं."

"काका, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" माझा आवाज रडवेला झाला होता.

"अगं, तू आकड्यांचं माणूस. क्रूसमोर तुला शिकवायला बसलो असतो, तर तुझा काय मान राहिला असता?"