दारातल्या चपला

परवा मोबाईलच्या दुकानात शिरताना मी सवयीनं बाहेर चपला काढल्या. "अंकल, ये मंदिर थोडी है!" दुकानदार हसला.

तिथं पूर्वी अण्णाशेठांची बँक होती. त्यांच्या वडिलांनी काढलेली, म्हणून अण्णाशेठ अनवाणीच आत जात, अन् आम्ही कारकूनही. मोठ्या बँकेनं ती घेतली, त्या दिवशी नवे साहेब बुटांसकट आत आले. सह्या करून अण्णाशेठ तसेच रस्त्याला लागले.

"शेठ, चपला!"

"असू देत रे तिथंच."

मला वाटलं, म्हातारा भांबावला. पुढं कित्येक दिवस शिपाई त्या चपलांच्या कडेकडेनं झाडायचा; उचलायची हिंमत कुणाचीच झाली नाही.

घरी पोचलो तर मीही अनवाणी! बायकोनं माझ्या पायांकडं पाहिलं. "बँकेच्या जागी ते दुकान आहे ना, तिथंच दारात राहिल्या," मी म्हणालो.

"असू देत," ती म्हणाली, "अण्णाशेठांच्या एकट्याच होत्या तिथं."