नोव्हायमधलं रिकामं घर

"नागपुरात कुठं?" काकूंनी विचारलं. चहाचा कप माझ्या हातात होता.

"इंदोऱ्याला."

काकूंनी डॉक्टरकाकांकडे पाहिलं. इंदोरा म्हणजे आमची वस्ती. नागपूरच्या माणसाला तेवढं पुरतं, पुढं जात विचारावी लागत नाही. डॉक्टरकाका नागपूरचेच. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेले. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधलं त्यांचं जुनं टाउनहाउस रिकामं होतं. भाड्यानं द्यायचं होतं, आणि मराठी माणसालाच. आत्ताच मला विचारत होते, किल्ली शनिवारी देऊ का म्हणून.

"अगं, जरा गडबड झालीय," काका म्हणाले. "ती जागा मी एकाला प्रॉमिस केली होती. विसरलोच बघ."

मी कप खाली ठेवला. काकूंनी तो पेपर नॅपकिननं धरून उचलला आणि कचऱ्यात टाकला. चांगला चिनी मातीचा कप. माझ्यादेखत.

गाडीत येऊन बसले.  मी एका कार कंपनीत इंजिनियर होते. विमानानं सात समुद्र ओलांडून आले होते. आणि इंदोरा माझ्याआधी येऊन तिथं बसला होता.

ऑफिसात डेनिस माझ्या शेजारी बसायची. डेट्रॉइटची, काळी. तिला सगळं सांगितलं. तिनं धीरबीर दिला नाही. दुसऱ्या दिवशी एका प्राध्यापिकेची दोन पुस्तकं माझ्या टेबलावर आणून ठेवली. बाई काळ्या, डेट्रॉइटमध्येच वाढलेल्या. एक पुस्तक काळ्यांच्या मुक्तिलढ्यावर, दुसरं घरांवर. काळ्यांच्या वस्तीभोवती नकाशात लाल रेघ कशी मारायचे. त्या रेघेच्या आत कर्ज कसं नाकारायचे. काळं कुटुंब दारात आलं की रिकामी जागा अचानक कशी भरायची. मी वाचत गेले. गावकुसाला इथं नकाशा म्हणतात, एवढं कळलं.

चळवळीतल्या लोकांची एक रीत त्यात होती. काळ्या जोडप्याला नकार मिळाला की जागा खरंच गेलीय का बघायला लगेच गोरं जोडपं पाठवायचं. मी टीममधल्या मुक्ता जोशीला काकांना फोन करायला सांगितलं. स्पीकरवर.

"रिकामीच आहे गं," काका म्हणाले. "केव्हा येतेस बघायला?"

मुक्ता माझ्याकडे बघेना.

त्याच महिन्यात त्या प्राध्यापिका लायब्ररीत बोलायला आल्या. मी आणि डेनिस गेलो. काका पुढच्या रांगेत बसलेले. प्रश्नांच्या वेळी उठले आणि इंग्रजीत म्हणाले, "आम्ही रिकाम्या हातानं आलो. मेहनत केली. कुणाला दोष दिला नाही. मग तुमच्याच लोकांना का जमत नाही?"

बाई म्हणाल्या, "तुम्हाला इथं घर घेता आलं. माझ्या वडिलांना का नाही घेऊ दिलं, ते आधी बघू या."

मी उठले. इंग्रजीतच म्हणाले, "याच माणसानं मला घर नाकारलं. मी दलित आहे म्हणून."

काका वळले. मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "खाली बस. आपलं घरातलं इथं कशाला काढतेस?"

"घरात कुठं घेतलंत, काका?"

ते बसले. मी नाही बसले. कपापासून मुक्ताच्या फोनपर्यंत सगळं सांगितलं.

सोमवारी तक्रार करायला सरकारी ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं वंश विचारला, धर्म विचारला. जात त्याला ठाऊक नव्हती. म्हणाला, "तुम्ही दोघं इंडियनच ना? मग भेदभाव कसला?" तक्रार घेतली नाही.

आता मराठी मंडळातल्या बायका समजावतात, परक्या देशात आपली लाज काढू नये. लाज ज्यानं घर नाकारलं त्याची. माझी नाही. कायद्यात जात हा शब्द नाही म्हणता? मग घाला. तो येईपर्यंत मी बोलणार. लायब्ररीत, कोर्टात, तुमच्या मंडळाच्या स्टेजसमोर. इंग्रजीत बोलेन. मराठीतही बोलेन. तुम्हाला ऐकू येईल अशा मराठीत.