मामांचं मंत्रिमंडळ

माझ्या बायकोच्या मामांइतकी देशाची काळजी खुद्द दिल्लीतही कुणी वाहत नसेल. ठाकुर्लीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मामा डोळे मिटून बसले, की परक्याला वाटे ते झोपलेत. आम्हाला ठाऊक असे, मामा सरकार बनवताहेत. त्यांच्या पक्षाचा आमच्या भागात कधी नगरसेवकसुद्धा निवडून आला नाही, पण दर लोकसभेला मामांच्या मते केंद्रात सत्ता ठरलेलीच. ‘दक्षिण हलली की झालंच,’ असं पुटपुटत ते खातेवाटपाला लागत. एकदा रेल्वे मला दिली होती. जेवायला अर्धा तास उशिरा पोचलो म्हणून काढून घेतली. शेतीखातं इस्त्रीवाल्याकडे, कारण गावी त्याची खरोखरच शेती होती. मामी तेवढ्या कायम बिनखात्याच्या.

गेल्या लोकसभेला, मतदानाच्या दुपारी मामांचा फोन आला. ‘जावईबापू, इथल्या यादीत माझं नावच नाही हो!’ मी धावलो. नाव अजून माजिवड्यालाच, बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर पडून होतं. मामींनी आपलं नाव केव्हाच इकडे आणलेलं. मामांचा अर्ज मात्र, ते सरकार बनवण्यात गुंतल्यामुळे, भरायचा राहिला होता.

‘अहो, या उन्हात माजिवड्याला? एका मताने काय होतंय?’ मामी म्हणाल्या.

‘एका मताने जो पडला त्याला विचार,’ म्हणत मामांनी चपला घातल्यासुद्धा.

रिक्षा शीळफाट्याला ट्रेलरांच्या गर्दीत अडकली. ‘काका, सहाच्या आत पोचू का नाय, काय सांगता येत नाय,’ रिक्षावाला म्हणाला. एरवी मामांनी तिथल्या तिथे चार उड्डाणपूल मंजूर केले असते. त्या दिवशी ते नुसते घड्याळाकडे टक लावून बघत होते. माजिवड्याच्या शाळेपाशी उतरलो तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. शहात्तर वर्षांचा तो माणूस एका हाताने पँट सावरत चक्क पळाला. ‘आजोबा, हळू,’ दारातला पोलीस म्हणाला, ‘सहाच्या आत रांगेत लागलात, आता मत तुमचंच.’

बाहेर आले ते बोटावरच्या शाईवर फुंकर घालत. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो.

‘मग मामा, या वेळी येणार ना तुमचं सरकार?’

‘छे हो. डिपॉझिटसुद्धा जाईल.’

‘मग इतकी वर्षं ते सगळं?’

‘कधीपासून ठाऊक आहे मला.’ त्यांनी शाईवर पुन्हा एक फुंकर मारली. ‘पण मतच दिलं नाही, तर पुढची पाच वर्षं स्वप्न बघायचा हक्क कुठून आणायचा, सांगा?’

मी उठून थांबवून ठेवलेल्या रिक्षाला हात केला.

परतताना खाडीवरून वारा येत होता. पेंगता पेंगता मामांचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर कलंडलं. शाईचं बोट तेवढं गुडघ्यावर ताठ होतं. रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि न सांगता वेग कमी केला. मीही त्याला घाई कर म्हटलं नाही.