काविळीचं पथ्य

आक्का गेल्याचं सांगायला तिचा मुलगा वसंता सकाळीच उत्रोलीहून सायकलवर भोरला आला. मी शाळेत निघाले होते. दारात त्याचा चेहरा बघितला आणि पहिल्यांदा मला काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं... रडू नंतर आलं, आणि भरपूर आलं. सख्ख्या मोठ्या बहिणीबद्दल असं लिहायला लाज वाटते. पण खोटं लिहिणार नाही. यंदा आमच्या घरात सगळ्यांचं पोटभर खोटं बोलून झालंय.

आम्ही दोघी भाटघरच्या. आक्काला उत्रोलीला दिली, मी तिच्याच हट्टानं शिकले आणि भोरला मास्तरीण झाले. तिचा नवरा लवकर गेला. भाताची शेती तिनं एकटीनं ओढली, वसंताला वाढवलं. तोंडानं फटकळ आणि खाण्याची भारी हौस. सुकट म्हणजे तिचा जीव. तव्यावर सुकट पडली की आधी शेजारची मांजरं यायची, मग शेजारणी. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर कच्चा कांदा. "राजाला तरी ह्याच्यावर काय आसतंय गं?" म्हणायची.

यंदा भाताची लावणी उरकली आणि तिचे डोळे पिवळे दिसू लागले. सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, कावीळ! गावठी औषध झालं, पथ्य सुरू झालं. तेल नाही, तिखट नाही, मऊ भात आणि मुगाचं पाणी. तिला मोह नको म्हणून सुकटीचा पत्र्याचा डबा झाकणाला फडकं बांधून माझ्याकडे भोरला आला. पिवळेपणा हटेना, तेव्हा पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं पोट उघडलं, पित्ताला दुसरी वाट करून दिली, आणि डॉक्टरांनी वसंताला न् मला बाहेर बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. काढता येणार नाही. "मुंबईला नव्या औषधाची इंजेक्शनं देतात," ते म्हणाले. "बरं होणार नाही. दिवस थोडे वाढतील, कदाचित नाही वाढणार. उलट्या होतील, आणि बराचसा वेळ तिथंच काढावा लागेल. ठरवा, पण लवकर ठरवा."

आम्ही ठरवलं ते एवढंच, की आक्काला कावीळच सांगायची. पित्ताची नळी तुंबली होती, ती मोकळी केली, बास. आता गंमत बघा. ऑपरेशननंतर डोळे हळूहळू पांढरे झाले, पथ्याची काही गरज उरली नव्हती. पण पथ्य सोडलं तर तिला संशय येईल, म्हणून आम्ही ते आणखी कडक केलं! आणि घरामागच्या खळ्यावर जाऊन कुजबुजत भांडत राहिलो. वसंताची बायको सुशीला म्हणे, "आत्याबाईंना परमुलखात नका नेऊ." वसंता म्हणे, "न्हाई नेलं तर लोक म्हनतील, पोरानं आईला तशीच मरू दिली." मुंबईला न्यायचंच, असं सगळ्यात जोरात मी म्हणत होते. माझी ट्रंकसुद्धा भरून तयार होती. खरं सांगू? 'नाही' हा शब्द आपल्या तोंडून निघू नये, एवढीच माझी धडपड होती.

एका दुपारी मी तिला मऊ भात भरवत होते. तिनं माझा हात बाजूला सारला.

"शांते, माजं डोळं बघ. पिवळं हायती का?"

"नाहीत."

"मग ही कसली गं कावीळ?"

मी वाटी खाली ठेवली. "तुला कधीपासून कळलंय?"

"टाकं काढाय गेलते तवाच. डॉक्टर माज्याशी लई गोड बोलला."

"मग हे पाणचट कशाला खात बसलीस एवढे दिवस?"

"तुमाला बरं वाटत हुतं म्हून."

मी तिथंच हमसून हमसून रडले. मग सगळं सांगितलं, इंजेक्शनांसकट, डॉक्टरांच्याच शब्दांत. तिनं एकच विचारलं, "ती घेतल्यावर ह्ये जातंय का?" मी म्हटलं, नाही. तिनं वसंताला हाक मारून समोर बसवलं. "मी मुंबईला जानार न्हाई. आता नीट ऐक. तू न्हाई म्हनला न्हाईस, मावशी न्हाई म्हनली न्हाई. म्या म्हनलं. कुनी इचारलं तर तसंच सांगायचं." एवढा बाप्या माणूस, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "बास आता," ती म्हणाली. "मावशीच्या घरनं माजा डबा आन."

तो तसाच सायकलवर गेला आणि डबा घेऊन आला. सुशीलानं सुकट भाजली. आक्कानं दोन घास खाल्ले, तेवढेच गेले. डोळे मिटून चघळत बसली, आणि आम्ही तिघं वेड्यासारखे हसत सुटलो. त्या घरात कित्येक आठवड्यांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. दुखायचं, फार दुखायचं. भोरचे डॉक्टर घरी येऊन कळ थांबवायचं इंजेक्शन द्यायचे. पण भात कापणीला आलं तेव्हा ती ओट्यावर बसून सगळ्यांना फैलावर घेत होती, आणि खळ्यावर आता कुजबुज नव्हती, नुसती भाताची झोडपणी. गेली ती आपल्या घरात, सुशीलाचा हात धरून.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, सुशीलानं तो डबा माझ्या हातात दिला. परवा रविवारी वसंता आला. म्हणाला, "मावशी, नेलं आसतं तर..."

मी विचारलं, "नाही कोण म्हणालं होतं?"

तो म्हणाला, "आई."

मी चुलीवर तवा ठेवला. दोन भाकरी जेवला तो.

डब्याचं फडकं मी काढून टाकलंय. झाकण सैल आहे, घरभर वास येतो... येऊ दे.