शेंड्याचे केस

बिट्टूच्या केसांबद्दल मला आयुष्यात एकदाच विचारलं गेलं — आणि तेव्हा मी खोटं बोलले. त्यानंतर कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे, तेही लिहून. समोर बसून मला जमलं नसतं.

मी लहानपणापासून कमी बोलणारी. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत सेक्टर सहामधलं क्वार्टर, इंग्रजी शाळा, बाहेर हिंदी, घरापुरतं मराठी. पाहुणे आले की मी आत. लोक म्हणायचे, किती गुणी मुलगी, तोंडातून शब्द नाही. गप्प राहणारी माणसं खोटं बोलत नाहीत, असं का वाटतं लोकांना? उलट आम्हाला ते सोपं जातं. फार शब्द लागत नाहीत.

दुर्गच्या कॉलेजात मी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या मॅडम लहान मुलांचे केस तपासायला बाहेर पाठवत होत्या, त्यात शिसं किती आहे ते पाहायला. अंगात गेलेलं शिसं थोडं केसातही उतरतं. पण केस कुठला, यावर सगळं अवलंबून. डोक्याच्या कातडीला लागून असलेला केस अलीकडच्या महिन्यांचा, तो काहीतरी सांगतो. शेंडा जुना, त्यावर आजवरची धूळ, धूर, तेल सगळं बसलेलं. शेंड्यात शिसं सापडलं तर ते अंगातून आलं की हवेतून, कुणी सांगू शकत नाही. म्हणून मॅडम पुन्हा पुन्हा बजावायच्या — मानेजवळून कापा, मुळाशी. मराठी घरांमध्ये जायचं काम माझ्याकडे होतं. मॅडमनी माझ्यावर सोपवलेलं ते पहिलंच काम.

बेबीताई कॅम्प-वन या मजुरांच्या वस्तीत राहायच्या. वर्ध्याकडच्या. आईची हळदीकुंकवातली ओळख. त्यांचे यजमान प्रभाकरभाऊ ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या प्लेटा अंगणातच लोखंडी कढईत वितळवायचे. शिसं वितळलं की चांदीसारखं दिसतं. बिट्टू तिथेच बसून बघायचा, आणि जमिनीवर सांडून थिजलेले थेंब गोट्या म्हणून खेळायला घ्यायचा.

चार वर्षांचा होत आला होता, तरी त्याचं जावळ काढलेलं नव्हतं. गावच्या देवीला नवस होता — केस तिथेच उतरवायचे. ज्या वर्षी जायचं ठरलं त्याच वर्षी आजोबा गेले, आणि ते वर्ष तसंच राहिलं. केस खांद्याखाली आलेले. बेबीताई त्याच्या दोन वेण्या घालायच्या, लाल रिबिनी लावून. गल्लीतली पोरं ओरडायची, “ए बिट्टीबाई, तुह्यं लगन कधी?” हा कमरेवर हात ठेवून उत्तर द्यायचा, “मी पोट्टा हावो!” मला तो ‘इंग्लिश ताई’ म्हणायचा. आणि प्रत्येक गोष्टीला ‘का’, त्याच्या बोलीत — कावून? चष्मा कावून? सायकलला घंटी कावून? उत्तर दिलं की त्या उत्तराला पुन्हा कावून.

मी कात्री काढली तशा बेबीताई म्हणाल्या, “शेंड्याचे घे वो पोरी, पण मुळाले हात नको लावू. देवीचे हायेत ते.”

मी म्हटलं, “नाही लावत, ताई.”

तेवढ्यात नळ आला आणि त्या बादल्या घेऊन बाहेर गेल्या.

मी तशीच परत जाऊ शकत होते. मॅडमना सांगता आलं असतं, या घरात जमत नाही. किंवा बेबीताई परत आल्यावर त्यांना समजावता आलं असतं — शेंडे का चालत नाहीत, कढईचा धूर पोराच्या अंगात जातो म्हणजे काय होतं. पण समजावायचं म्हणजे बोलायचं. मी बिट्टूची वेणी उचलली आणि खालून, मानेजवळून, मुळाशी एक बट कापली.

“कावून कापून राहिली?” त्यानं विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानंही ठेवलं, हसत. मग मी थोडे शेंडे कापले आणि बेबीताई आल्यावर तळहातावर धरून दाखवले. मुळाची बट तोवर पाकिटात गेली होती. शेंडे मी वाटेतल्या नालीत टाकले. पुढे एकदा वेणी घालताना त्या म्हणाल्या, “पाह्य ना, याचे मानेजवळचे केस झिजले उशीनं.” मी पाहिलं आणि हो म्हटलं. बिट्टूही काही बोलला नाही. त्याला ती आमची गंमत वाटत होती.

निकाल आला तेव्हा बिट्टूचा आकडा इतर मुलांच्या कितीतरी वर होता. मॅडम स्वतः माझ्याबरोबर कॅम्प-वनला आल्या. खाटेवर बसून माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या, बेबीताई चहाचे कप धरून आमच्या तोंडांकडे बघत होत्या. मग मॅडमनी एकच प्रश्न हिंदीत विचारला, “बाल जड़ के पास से ही लिए थे ना?”

माझ्याआधी बेबीताईच बोलल्या, “नहीं नहीं मॅडम, जड़ को मैंने हात नहीं लगाने दिया. देवी के बाल हैं. पूछो ना इसको.”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. प्रश्न इंग्रजीत आला असता तर मी खरं सांगितलं असतं का? मला माहीत नाही. खरंच नाही.

मी म्हटलं, “टिप्स के हैं, मॅडम.”

मॅडम चिडल्या. इंग्रजीत म्हणाल्या, मग या आकड्याला काही अर्थ नाही, बाहेरचा धूर असेल. मुळाचे केस असते तर मी उद्याच याचं रक्त तपासायला पाठवलं असतं. हे त्या माझ्यासमोर म्हणाल्या — लक्षात घ्या. मला तिथेच दुसरी संधी मिळाली होती. त्यांनी आकड्यावर काट मारली. जावळ झालं की पुन्हा घेऊ, म्हणाल्या.

“काय म्हणते वो मॅडम?” बेबीताईंनी विचारलं.

“काही नाही ताई. वरची धूळ आहे नुसती.”

“मी म्हनलं होतं ना! माह्या बिट्टूले काय होते!” आणि मला आग्रह करकरून आणखी चहा दिला. मी तो प्यायले.

मग माझी परीक्षा आली, मॅडमची बदली झाली. कढई पेटतच होती. बिट्टूचं पोट दुखायला लागलं. जंत असतील म्हणून औषध दिलं. रंग उतरला. जावळ झालं, तुळतुळीत डोक्यानं तो सगळ्यांना नमस्कार करत फिरला. नंतर एक दिवस झटके आले. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा शिसं कळलं, आणि त्या दिवसापासून प्रभाकरभाऊंनी कढई कधी पेटवली नाही.

तो वाचला. पण शाळेत दरवर्षी पुन्हा त्याच वर्गात बसतो, पेन्सिल धरताना हात कापतो. कावून म्हणत नाही. काही दिलं की घेतो, बस म्हटलं की बसतो.

मी पळवाटा शोधल्या नाहीत असं नाही. मुळाच्या केसालाही धूर लागतो, नुसत्या केसांवरून कुणी खात्रीनं सांगू शकत नाही, हे मी नंतर वाचलं. पण रक्तावरून सांगता आलं असतं. आणि रक्त माझ्या एका वाक्यामुळे तपासलं गेलं नाही.

गेल्या दिवाळीत माहेरी आले तेव्हा बेबीताईंकडे गेले होते. त्या बिट्टूच्या शर्टाची बटणं लावून देत होत्या. एवढा मोठा मुलगा, मान वर करून उभा. त्या त्याच्याकडे बघत मला म्हणाल्या, “माह्याच हट्टानं झालं हे. तू तर मुळाचेच घ्याले आली होती. मीच देवीचे, देवीचे करत राह्यली.” मग शेवटचं बटण लावत म्हणाल्या, “तू साधी पोरगी म्हणून आयकलं माह्यं. दुसरी कोणी असती तं चोरून कापले असते. बरं झालं असतं वो, चोरून कापले असते तं.”

मी म्हटलं, “असं नका म्हणू, ताई.”

एवढंच म्हटलं. बिट्टू आमच्याकडे बघत उभा होता. त्या आता देवीला जात नाहीत, असं आई म्हणते.