लिंबाच्या झाडाचा ताण

गणपतराव टपालखात्यात तीस वर्षं पत्रं लावून रिटायर झाले, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीनं तारखेला पोचलंच पाहिजे असं त्यांचं मत झालं. सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरामागचं कागदी लिंबाचं झाड मात्र अकरा वर्षांत कुठंच पोचलं नव्हतं. उंची भरपूर, काटे भरपूर, पानं तर विचारूच नका. फूल एक नाही. नोकरी होती तोवर हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. पेन्शन सुरू झाली आणि झाडाची पाळी आली.

"शिवरात्रीपर्यंत मुदत," त्यांनी बायकोला, म्हणजे यमुताईंना, बजावलं. "कळी नाही दिसली तर तोडतो अन् तिथं जांब लावतो."

 घरात माणसं ही दोनच. झाड यमुताईंनी फुटक्या माठात बी टाकून उगवलं होतं आणि दोन पानांचं होतं तेव्हापासून त्या त्याच्याशी बोलत. झाडावर त्यांचा जीव होता, हे गणपतरावांना ठाऊक होतं. पण मुदत म्हणजे मुदत.

झाडांची कामं करणाऱ्या कवडूला बोलावलं. त्याचा जन्म काटोलकडच्या संत्र्यांच्या बागांत गेलेला. त्यानं झाडाभोवती तीन चकरा मारल्या.

"बाबूजी, झाड लय सुखात हाये. सुखातलं झाड कशाले फुलते? याले ताण द्या."

ताण म्हणजे पाणी तोडायचं. बुडाची माती उकरून मुळं उघडी करायची, पानं लोंबू लागेपर्यंत थेंब द्यायचा नाही. मग एकदम पाणी सोडायचं, की झाड घाबरून फुलतं. सगळे बागवाले हेच करतात आणि त्यांच्या बागा फुलतातही. गणपतरावांना तर ही रीत फारच पसंत पडली.

मार्गशीर्षात माती उकरली. रोज सकाळी गणपतराव चष्मा लावून पानं तपासत. दुपारी जेवून ते घोरू लागले, की यमुताई विहिरीवर जात. पहिल्या दिवशी पेलाभरच घातलं. "घसा ओला करून घे," त्या झाडाला म्हणाल्या. आठवड्यात पेल्याचे दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, झाले. वरून कोरडी माती अशी पसरत, की तीस वर्षं पत्ते वाचलेल्या माणसाला काही म्हणता काही वाचता आलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या इंदुताई आल्या. मागच्या दारातून डोकावून म्हणाल्या, "काय वं यमुताई, ते वांझ झाड अजून ठेवलंच काय?"

"तिळगूळ घ्या," यमुताई म्हणाल्या. त्या दिवशी झाडाला तीन गुंड मिळाले.

शिवरात्र झाली. पानं लोंबलीच नव्हती, म्हणून पाणी सोडायची वेळही आली नव्हती. झाडाला कोवळी पालवी फुटली, कळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू कुऱ्हाड घेऊन हजर. बुडाशी बसून त्यानं बोटानं माती उकरली आणि वर पाहिलं.

"बाबूजी, याले ताण बसलाच नाही. कोणीतरी पाणी घालून राह्यलं होतं."

परसात तिघं होती. कवडूनं घातलं नव्हतं, गणपतरावांनी घातलं नव्हतं.

"मी घातलं," यमुताई म्हणाल्या.

"काहून? वेड लागलं काय तुले?" गणपतराव भडकले. "फुललं असतं ना ते! तूच त्याचा जीव घेतला!"

यमुताईंचा आवाज चढला नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं त्या म्हणाल्या, "मलेबी दिला होता ना ताण. तुमच्या मायनं. नऊ वर्षं. सोमवार निर्जळी, शनिवार निर्जळी, चैताच्या उन्हात महादेवाले एकशेआठ फेऱ्या. जीभ टाळूले चिकटे. पाणी कोणी देल्लं नाही. तुम्हीबी नाही. मी कुठं फुलली?"

कवडूला कुऱ्हाडीच्या धारेवर बघण्यासारखं काहीतरी सापडलं. गणपतरावांना लाज वाटली. चांगली सणकून वाटली, कानांपर्यंत. तेव्हा ते रोज वेळेवर ऑफिसला जात होते, आणि संध्याकाळी घरी येऊन घटाघटा पाणी पीत होते, हे त्यांना स्वच्छ आठवलं.

"तू जाय गा कवडू," ते म्हणाले.

कवडू गेला. गणपतराव विहिरीवर गेले. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण पोहरा त्यांनी प्रथमच हाती धरला. कमरेत कळ आली, अर्धं पाणी धोतरावर सांडलं.

"रोज किती घालते?"

"दोन गुंड."

पहिला त्यांनी झाडाच्या बुडाशी ओतला. दुसरा भरून आणला, ओट्यावर ठेवला, त्यातून तांब्या बुडवून काढला आणि यमुताईंपुढे धरला.

यमुताईंना तहान नव्हती. तरी त्या तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायल्या.