आजीने मान हलवली की खायचं

आश्विन लागला की आमच्या इंदूरला दुपारी ऊन चटके देतं आणि संध्याकाळी गच्चीवर गेलं की शालीची आठवण होते. पाऊस आवरलेला असतो, बाजारातले भुट्टे संपत आलेले असतात, झेंडूचे ढीग लागतात आणि चौकाचौकात गरब्याचे मांडव उभे राहतात. वर्षातले हे दिवस मला सगळ्यांत जास्त आवडतात. गेल्या वर्षी मात्र ते मी धास्तीत काढले, कारण नात दसऱ्याच्या सुट्टीत पहिल्यांदाच एकटी राहायला आली होती.

नात सात वर्षांची, राहते पुण्याला. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही किंवा पचत नाही असं नव्हे. तिच्या पोटात दाण्याचा कण जरी गेला तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि श्वास अडकतो. त्याच्या वर्षभर आधी कुणाच्या तरी वाढदिवसाला चटणीतून दाणा पोटात गेला आणि तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी फोनवर सांगत होती आणि मी इथे इंदूरमध्ये भिंतीला धरून उभी होते.

मुलगी तिला सोडायला आली तेव्हा खेळण्यांच्या बॅगेपेक्षा सूचनाच जास्त होत्या. पेनासारखं एक इंजेक्शन तिने माझ्या हातात दिलं. "कपड्यावरून टोचलं तरी चालतं, मांडीत. दाबून धरायचं. मग लगेच दवाखाना." टोपण न काढता मी लोडावर ते टोचण्याची तालीम केली. लोडाला काही झालं नाही. शेवटी मुलीने नातीला समोर बसवलं आणि नियम सांगितला, "बाहेर कुणीही काहीही दिलं तरी आधी आजीकडे बघायचं. आजीने मान हलवली की खायचं. नाहीतर नाही."

नातीने शहाण्यासारखी मान डोलावली. मला मात्र त्या क्षणापासून माझीच मान जड वाटायला लागली.

नवरात्रात मराठी घरातून दाणे काढून टाकायचे म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. आमच्याकडे उपास म्हणजे दाण्यांचाच उत्सव. खिचडीत कूट, भगरीबरोबर आमटी ती दाण्याची, वर गोड म्हणून लाडू तेही दाण्याचेच. मी सगळे डबे उपसले. कुटाचा डबा, मिक्सरचं भांडं, खलबत्ता, सगळं एका पोत्यात घालून गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. साबुदाण्याच्या खिचडीत ओलं खोबरं घातलं. चव बेताचीच झाली, पण तक्रार करण्याची हिंमत घरात कुणाला नव्हती. आमचे हे रोज फिरून येताना पुडीभर गरम दाणे आणायचे आणि बाल्कनीत बसून पेपर वाचत संपवायचे. म्हणाले, "अगं, मी बाहेरच खाऊन येत जाईन."

"मग बाहेरच राहा," मी म्हटलं.

ते बिचारे दाण्यावाचून राहिले, वर बाहेरून आले की डॉक्टरसारखे कोपरापर्यंत हात धुवायचे.

दिवस तसे छान जात होते. सकाळच्या गारव्यात आम्ही दोघी झेंडूची तोरणं ओवायचो. हातोदकडून येणाऱ्या भाजीवालीकडे शेवटचे कोवळे भुट्टे मिळाले, ते नातीने किसणीवर किसून दिले आणि मी दुधात शिजवून त्याचा कीस केला. भोंडल्यासाठी पाटावर खडूने हत्ती काढला आणि त्यात डाळी भरल्या. अंगाला उडीद, झुलीला मसूर आणि मूग, सुळ्यांना तांदूळ. सोंड कुठे वळवायची यावरून आमचं भांडण झालं. तिला सोंड वर हवी होती, मला खाली. अर्थात ती वर गेली. हे सगळं हसतखेळत चाललेलं असताना माझं एक लक्ष सतत दाराकडे असायचं. बेल वाजली की मी तिच्या आधी दार गाठायची. आमच्या सोसायटीत नवरात्रात कुणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि नमकीनशिवाय इंदूरवाल्याचा पाहुणचार पुरा होत नाही. मी प्रत्येक प्रसाद हसून घ्यायची आणि दार लावलं की गॅरेजमधल्या पोत्यात टाकायची. देवाची माफी मागून टाकायची, पण टाकायची.

खरा प्रश्न भोंडल्याचा होता. आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच. त्यातल्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी भोंडला फार निगुतीने करतात. त्यांच्या सासरची माणसं एकेकाळी संस्थानच्या नोकरीत होती आणि रीत म्हणजे रीत, हा त्यांचा बाणा. पाट मध्ये ठेवून मुली फेर धरतात, गाणी होतात आणि शेवटी येते खिरापत, झाकलेल्या डब्यात. ती काय आहे हे ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि तोवर करणारीने तोंडातून शब्द काढायचा नाही. लहानपणी मला भोंडल्यातलं हेच सगळ्यांत जास्त आवडायचं. आता विचार केला की घाम फुटत होता. ज्या मुलीला प्रत्येक घास विचारून खायचा आहे, तिच्यासमोर मुद्दाम लपवलेला खाऊ!

न्यायचंच नाही असं मी दोनदा ठरवलं. पण पाटावरचा हत्ती तिने केलेला. ती सकाळपासून परकर-पोलकं घालून फिरत होती.

दुपारी मी वहिनींकडे गेले. "वहिनी, रागावू नका, पण खिरापतीत दाणे आहेत का तेवढं सांगा."

"अहो, खिरापत आधी फोडायची असते का? मग भोंडला कशाला?"

"फोडू नका. फक्त दाणे."

त्या जरा फुरंगटल्या. मग माझा चेहरा बघून विरघळल्या. "तुम्ही बिलकुल टेन्शन नका घेऊ. दाने-वाने काही नाही टाकले, एक पण नाही. तुमची पोरगी ती माझी पण पोरगीच आहे ना."

त्यांनी माझा हात दाबला. मी वर आले, पाणी प्यायले आणि बऱ्याच दिवसांनी पाय पसरून बसले.

संध्याकाळी गच्चीवर सतरंजी घातली होती, मध्ये आमचा हत्तीचा पाट. पलीकडच्या मांडवातून गरब्याचा ढोल ऐकू येत होता, त्यामुळे आमच्या गाण्यांना दुप्पट जोर लावावा लागला. ते इंजेक्शन माझ्या कमरेच्या पिशवीत होतं आणि मी दर गाण्याला एकदा ते चाचपून बघत होते. नात फेरात मनापासून फिरत होती. तिला अर्धी गाणी येत नव्हती, तरी ती शेवटचा शब्द सगळ्यांच्या आधी ओरडायची.

मग वहिनी डबा घेऊन आल्या. डबा वाजवला, खडखड आवाज आला.

"गोड की तिखट?"

"तिखट!"

"मठरी!" "सेव!" "आंटी, मिक्सचर आहे?" पोरं इंदूरचीच, नमकीनपलीकडे त्यांची धाव जाणार कुठे. वहिनी ओठ घट्ट मिटून नुसती 'नाही' अशी मान हलवत होत्या. शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी ओळखलं, कडबोळी! दिवाळीला अवकाश होता म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एकच टाळ्या पडल्या आणि डबा उघडला.

वहिनींनी प्रत्येकीच्या हातावर एकेक कडबोळं ठेवलं. नातीच्या हातावर ठेवलं तेव्हा तिने मान वळवून मला शोधलं. मी समोरच्या कठड्याशी बायकांत बसले होते. तिने भुवया उंचावल्या. मी हसून मान हलवली.

शेजारी बसलेल्या बाईंनी तेवढ्यात कडबोळं मोडलं. "वहिनी, क्या बात है! किती खुसखुशीत झालीयेत!"

"तेलाचं काम आहे सगळं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "दुकानाचं तेल मी वापरतच नाही. देपालपूरकडे आपल्या ओळखीची घाणी आहे. दाण्याचं तेल समोर उभं राहून काढून आणते."

मी काय ऐकलं ते मला आधी कळलंच नाही. आमच्या घरात वर्षानुवर्षं सोयाबीनचं तेल. दाणे म्हणजे दाणे, दाण्याचं तेल म्हणजेही दाणेच, हे ना मी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. कडबोळ्यात दाणा एकही नव्हता.

मी वर बघितलं. नात इतर मुलींबरोबर उभी होती, हसत होती आणि तिचे गाल हलत होते. ती चावत होती.

मी कशी उठले, कुणाच्या पायावर पाय दिला, मला आठवत नाही. डाळींचा हत्ती मी तुडवत गेले एवढं नंतर कळलं. तिला खांद्याला धरून मी ओरडले, "थूक! थूक आधी!" ती बघतच राहिली. मी तिचा जबडा धरून तोंडात बोट घातलं, गालात फिरवलं, जिभेखाली फिरवलं. दुसऱ्या हाताने इंजेक्शन ओढून काढलं. पलीकडचा ढोल चालूच होता. वहिनी "काय झालं, काय झालं" करत धावल्या.

तोंडात काही नव्हतं. कण नाही, चुरा नाही.

"गिळलंस? सांग मला, गिळलंस का?"

तिने उजव्या हाताची मूठ उघडली. कडबोळं आख्खं होतं, घामाने जरा ओलं झालेलं. मी ते फेकून दिलं आणि तिचा हात साडीने इतका घासला की ती "आजी, दुखतंय" म्हणाली.

वहिनी रडायला लागल्या. मला त्यांची समजूत घालायला हवी होती, पण तेव्हा माझ्यात तेवढा मोठेपणा उरला नव्हता. मी नातीला घेऊन घरी आले, साबणाने तिचे हात धुतले, तोंड धुतलं, फ्रॉक घातला. हातावर पुरळ आहे का ते दिव्याखाली धरून बघितलं. यांनी गाडीची किल्ली हातात घेऊन ठेवली होती. काही झालं नाही. बऱ्याच वेळाने माझ्या जिवात जीव आला, आणि मग तो प्रश्न डोक्यात आला.

"तू खात नव्हतीस, मग चावत काय होतीस?"

"चावल्यासारखं करत होते," ती म्हणाली. काही विशेष नसल्यासारखं. "नाहीतर सगळे विचारतात, का नाही खात, का नाही खात. मग सांगावं लागतं. मग सगळे असे बघतात. मला येतं ते. आधी चावल्यासारखं करायचं, मग गिळल्यासारखं. मग म्हणायचं, मस्त आहे."

"पण मी मान हलवली होती ना?"

"हो."

"मग?"

ती फ्रॉकच्या बटणाशी खेळत राहिली. "त्या बर्थडेला आईने पण हलवली होती."

हे मला माहीत नव्हतं. मुलीने मला चटणीचं सांगितलं होतं, दवाखान्याचं सांगितलं होतं, मान हलवल्याचं नव्हतं सांगितलं. वर्षभर ती ते मनात घेऊन फिरत होती आणि तरीही नियम तोच ठेवून, आपलं लेकरू माझ्या मानेवर सोडून गेली होती. दुसरं करणार तरी काय होती?

"आईला नको सांगू, मी नुसतं तसं करते म्हणून," नात म्हणाली. "ती रडते."

"फक्त बाहेर करतेस ना तसं?" मी विचारलं. "घरी नाही ना?"

ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "कधी कधी."

त्या रात्री मी वरणभात केला. तूर, हळद, मीठ, गूळ, तूप. पाणीसुद्धा मी स्वतः भरलं. तिच्या समोर मांडी घालून बसले, आधी माझ्या पानातला घास तिला दिसेल असा खाल्ला आणि मग तिच्या हातात चमचा दिला. आतापर्यंत मला एकच भीती होती, तिच्या पोटात नको ते जाईल याची. हे आपले शेजारच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होते, पोरगी वाचली म्हणून देवाचे आभार मानत होते.

नातीने घास तोंडात घातला. गाल हलले. "मस्त झालंय, आजी," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले, घास खाली उतरतोय का ते.